अतिमानवाविषयीचा अविश्वास : एक टिपण

अतिमानवी नायकाविषयीचा अविश्वास ही 'वॉचमेन'ने (१९८६-८७) घातलेली उत्तरकालीन भर होय, असे सामान्यतः मानले जाते. इतिहास वेगळे सांगतो. सीगल-शुस्टर यांचा १९३३मधील पहिला 'सुपरमॅन' खलनायकच होता. १९३८मध्ये तो नायक झाला. पण निरपराध स्त्रीचा देहदंड टाळण्यासाठी गव्हर्नरच्या शयनगृहाचे पोलादी दार उखडणारा नायक. न्याय आणि कायदा यांतील फारकत अशी त्याच्या जन्मातच आहे. १९५४च्या कॉमिक्स-संहितेने प्रस्थापित सत्तेविषयी अनादर उत्पन्न करणाऱ्या चित्रणास मज्जाव केला. 'स्पायडरमॅन'मध्ये (१९६२) अविश्वास परतला, तो जेम्सन या संपादकाचा अपप्रचार म्हणून. मुखवट्यामागचा माणूस वाचकाला ठाऊक असतो, कथेतील जनतेला नसतो. वाचकाचे प्रेम या विशेषाधिकारावर उभे असते. 'वॉचमेन' मुखवट्यामागची माणसे दाखवते आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, विश्वास डळमळतो.

तेव्हा कथेतील संशयी जनतेला कृतघ्न ठरवण्याची समीक्षेची सवय तपासली पाहिजे. जिला जाब विचारता येत नाही अशा शक्तीविषयी कृतज्ञता बाळगता येईल. विश्वास मात्र नागरिकाने राखूनच ठेवावा.