साडेअकराचा अपडेट

८ मार्च २०२३. आपल्याकडे सकाळचे साडेअकरा वाजून गेले होते, आणि डेटाडॉग नावाच्या अमेरिकी कंपनीचे हजारो सर्व्हर बघता बघता मुके झाले. यंत्रं चालू होती, वीज होती, डिस्क शाबूत होत्या, फक्त कुणाशी बोलता येत नव्हतं. दुसऱ्यांचे सर्व्हर नीट चालताहेत ना हे बघणं हाच या कंपनीचा धंदा. म्हणजे त्या दिवशी पहारेकरीच आडवा झाला.

हे सर्व्हर एका जागी नव्हते. वेगवेगळ्या खंडांत, तीन वेगवेगळ्या क्लाउड कंपन्यांकडे विखुरलेले होते. एक पडला तर दुसरा उभा राहावा म्हणूनच तर ते तसे ठेवले होते. मग सगळे एकदम कसे गेले? त्यांना बांधणारा धागा एकच निघाला: घड्याळ. उबंटूमध्ये सुरक्षेचे अपडेट आपोआप बसवण्याची ठरलेली वेळ सकाळी सहाची असते, पुढे तासाभरात कधीही. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे ढोबळमानाने ग्रीनिचच्या वेळेवर लावलेलं असतं. तिकडचे सहा म्हणजे आपले साडेअकरा.

सहाची वेळ ज्याने निवडली त्याच्या डोळ्यांसमोर झोपलेलं ऑफिस असणार. नाशिकमध्ये साडेअकराला सातपूर-अंबडची पहिली पाळी भरात असते, डिस्पॅचची चलनं निघत असतात, गेटवर ट्रक उभे असतात. मी याच भागातल्या छोट्या कारखान्यांचे सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे हा हिशोब माझ्या पोटापाण्याचा आहे. (बाहेरचं घड्याळ आपल्या गावावर येऊन बसणं तसं नवं नाही. सूर्याच्या हिशोबाने नाशिकची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५५ मिनिटं पुढे. रेल्वे आली ती मद्रासच्या वेळेवर धावू लागली, आणि १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची प्रमाणवेळ लागू झाली. सूर्य आपल्याकडे अजूनही पस्तीस मिनिटं उशिराच असतो.)

डेटाडॉगचं नेमकं काय बिघडलं, तेही सांगण्यासारखं आहे. लिनक्समध्ये सिस्टिमडी नावाचा कारभारी असतो, त्याचाच एक भाग नेटवर्क बघतो. यंत्र सुरू होताना हा भाग आधी उठतो आणि मग कंटेनरची जुळणी करणारी दुसरी प्रणाली आपले रस्ते आखते. अपडेटनंतर मात्र चालू यंत्रात हा भाग पुन्हा सुरू झाला. त्याने पाहिलं, आपण न आखलेले हे रस्ते कुठून आले? आणि पुसून टाकले. नव्या मुनिमाने जुनी वही रद्दीत घालावी तसं. त्याच्या नियमाप्रमाणे तो बरोबरच होता.

असाच प्रकार ३० ऑगस्ट २०२२ रोजीही झाला होता, आणि वेळही तीच. मायक्रोसॉफ्टच्या अझुर क्लाउडवर उबंटू १८.०४ च्या यंत्रांना सिस्टिमडीचा अपडेट आला आणि त्यांचं डीएनएस गेलं. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी सोय. रस्ता आहे, गाडी आहे, पण कुठे जायचं ते कुणाला माहीत नाही. पुष्कळ यंत्रं नुसती रीस्टार्ट केल्यावर ताळ्यावर आली, म्हणून ही घटना लवकर विसरली गेली.

या जातीच्या बिघाडाचा सगळ्यात गाजलेला पूर्वज १९९० सालचा. १५ जानेवारीला अमेरिकेत एटी अँड टीचं लांब पल्ल्याचं टेलिफोन जाळं नऊ तास लंगडं झालं. महिनाभर आधी त्यांच्या ११४ मोठ्या स्विचमध्ये नवं सॉफ्टवेअर घातलं होतं. न्यूयॉर्कचा एक स्विच क्षणभर आजारी पडला, स्वतःच सावरला आणि पुन्हा कामाला लागल्याचं त्याच्या संदेशांवरून शेजाऱ्यांना कळलं. नव्या कोडमधल्या एका चुकीच्या जागच्या ‘ब्रेक’मुळे तो निरोप घेतानाच शेजारी कोसळायचे, सावरायचे, आणि आपणही बरे असल्याचं पुढे कळवायचे. बरं वाटल्याची बातमीच साथ पसरवत होती. सगळ्यांकडे तेच सॉफ्टवेअर होतं, त्यामुळे साथीला कुठे अडसरच नव्हता.

आमच्या धंद्यात इतकी नाट्यमय कारणं क्वचित सापडतात. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे नाव. पूर्वी लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाला ‘ईथ शून्य’, ‘ईथ एक’ अशी नावं मिळत, जे आधी सापडेल ते शून्य. दोन कार्डं असली की कधी अदलाबदल होई. म्हणून जानेवारी २०१३ मध्ये सिस्टिमडीच्या १९७ व्या आवृत्तीने कार्डाच्या जागेवरून नाव द्यायचं ठरवलं: ‘ईएनपी३एस०’ वगैरे. हेतू उत्तम. पण जुन्या सर्व्हरवर मोठा अपडेट झाला की कार्डाचं बारसं पुन्हा होतं आणि सेटिंगची फाइल जुन्याच नावाने हाका मारत बसते. सातपूरच्या एका कारखान्यात नेमकं हेच झालं होतं. अपडेट दुसऱ्याच एका पुरवठादाराने दूरून बसवला होता आणि त्याचाही संपर्क तुटला होता. मी दुचाकी काढून गेलो, मॉनिटर-कीबोर्ड जोडला. केबलचा दिवा लुकलुकत होता, म्हणजे तार ठीक. ‘आयपी ए’ टाकलं, तर कार्ड नव्या नावाने हजर, पण पत्त्याविना. फाइलमध्ये एक शब्द बदलला. काम दोन मिनिटांचं, आणि तोवर चार तास चलनं हाताने लिहिली जात होती.

गोम इथेच आहे. नेटवर्क सोडून बाकी काहीही बिघडलं तरी दुरुस्ती नेटवर्कवरून पोचवता येते. नेटवर्क गेलं की दुरुस्तीची वाटच गेली. मग कुणीतरी उठून जावं लागतं. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री नऊच्या सुमारास आपली व्हॉट्सअॅप बंद पडली, आठवतंय? देखभालीच्या एका आज्ञेने फेसबुकने स्वतःलाच इंटरनेटपासून तोडलं होतं आणि इंजिनियरांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष धाडावं लागलं.

नाशिकचा कांदा आणि द्राक्षं ज्या बंदरातून परदेशी जातात त्या जेएनपीटीलाही हा फटका बसलाय. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये लपून आला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रांत घुसला. न्हावाशेव्याचं तिच्या गटाचं टर्मिनलही ठप्प झालं. मर्स्कच्या खात्यांची मूळ नोंद ठेवणारे सर्व्हर सगळीकडे पुसले गेले होते. एक वाचला, घानामधला, कारण तिथे तेव्हा वीज गेली होती! तिथलं इंटरनेट संथ, म्हणून ती डिस्क माणसाने विमानतळावर दुसऱ्या माणसाच्या हाती दिली आणि ती विमानाने लंडनला गेली. लोडशेडिंगला शिव्या घालत मोठे झालेल्या मला ही गोष्ट फार आवडते.

त्यामानाने १९ जुलै २०२४ ताजं आहे. क्राउडस्ट्राइकची सदोष फाइल आपल्या वेळेने सकाळी ९.३९ ला सुटली आणि १०.५७ ला मागे घेतली गेली. या ७८ मिनिटांत सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. फाइल मागे घेऊन पडलेली यंत्रं उठत नव्हती. बहुतेक ठिकाणी यंत्रापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून ती एक फाइल हाताने पुसायची होती. डिस्क कुलूपबंद असेल तर आधी ४८ आकडी किल्ली शोधायची, आणि ती किल्ली पुष्कळदा दुसऱ्या निळ्या पडलेल्या यंत्रात.

याचा अर्थ अपडेट बंद करा असा काढणारे मालक मला भेटतात. त्यांना मी मे २०१७ चं वॉनाक्राय सांगतो. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, ज्यांनी बसवला नाही ते सापडले. त्यामुळे माझ्याकडचे अपडेट चालूच आहेत, फक्त त्यांचं घड्याळ मी हलवलं आहे. रविवारी पहाटे दोनला, आपल्या वेळेने, आधी एकच बिनमहत्त्वाचं यंत्र. ते सोमवारची पहिली पाळी नीट पार पाडतं का ते बघायचं. बाकीची बुधवारी रात्री, कधीच सगळी एकदम नाहीत. जुनं कर्नल मेन्यूत तसंच राहू द्यायचं, किल्ल्या कागदावर लिहून लेखा विभागाच्या कपाटात. आणि प्रत्येक कारखान्यात, रॅकच्या खाली, एक कीबोर्ड आणि चालणारा मॉनिटर.