पत्त्यातला ‘फायनल प्लॉट’

१/ पुण्यातील अनेक जुन्या पत्त्यांत ‘फायनल प्लॉट’ क्रमांक आढळतो. त्याचे मूळ १९१५च्या मुंबई नगररचना कायद्यात आहे. भारतातील असा हा पहिलाच कायदा.

२/ शहराकडेची शेते वेडीवाकडी असत. प्रत्येकाने मनास येईल तसे तुकडे पाडून विकले, तर आतल्या घरांना रस्ताच उरत नसे.

३/ म्हणून सर्व जमिनी नकाशावर एकत्र करायच्या, रस्ते व मोकळ्या जागा काढून घ्यायच्या आणि उरलेले आखीव भूखंड मूळ मालकांना परत द्यायचे. हाच ‘फायनल प्लॉट’. क्षेत्र घटे, पण किंमत वाढे. त्या वाढीतून योजनेच्या खर्चाचा वाटा वसूल होई.

४/ मात्र भूखंड मिळे तो मालकाला. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, त्याच्यासाठी त्या नकाशात चौकोन नव्हता. सरळ रस्त्यांचे कौतुक करताना हेही स्मरावे.