फोनची झडती आणि फोनमधील संरक्षण

पोलिसांच्या हाती फोन गेला तरी त्यातली खासगी माहिती सहजी उघडू नये, यासाठी फोनमध्येच केलेल्या सोयी. ऑक्टोबर २०२१मध्ये तेलंगणात फोनच्या झडतीचा विषय गाजला. हैदराबादेत पोलीस भर रस्त्यात लोकांना थांबवून त्यांच्या व्हॉट्सॲपमध्ये ‘गांजा’ हा शब्द शोधत असल्याचे व्हिडिओ पसरले. लोक स्वतःहून सहकार्य करतात, असे पोलिसांचे म्हणणे होते. म्हणजे तिथे कुलूप कोणी फोडलेच नाही. फोन मालकानेच उघडून दिला, आणि त्यापुढे कुठलेही तंत्रज्ञान लंगडेच. महामार्ग ४४वरचे तेलंगणातले मावला असो की पैनगंगेपलीकडचे महाराष्ट्रातले यवतमाळ, कायदा एकच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४नुसार तपासासाठी मोबाइल हजर करण्याचा लेखी आदेश पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी काढू शकतो. नाक्यावरचे ‘दाखव बघू’ म्हणजे असा आदेश नव्हे.

आजच्या फोनमधली माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असते. फोन सुरू केल्यानंतर पहिल्यांदा पासकोड टाकेपर्यंत ती उलगडण्याच्या बहुतेक किल्ल्या मेमरीत आलेल्याच नसतात. एकदा उघडून पुन्हा नुसती स्क्रीन बंद केलेला फोन त्या मानाने कच्चा. सेलेब्राइटसारख्या तपास-यंत्रांना त्यातून बरेच अधिक काढता येते. म्हणूनच तीन दिवस न उघडलेला फोन आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय २०२४मध्ये आयफोनमध्ये आणि २०२५मध्ये अँड्रॉइडमध्ये आली. मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या कपाटात पडलेला फोन असा आपला आपण पक्का होतो. आयफोनच्या चार्जिंगच्या तोंडातून होणारी माहितीची देवघेव लॉकनंतर तासाभराने थांबवण्याची सोय त्याआधीची, २०१८ची.

बोटाचा ठसा आणि चेहरा ही सोयीची कुलपे, पण जबरदस्तीपुढे सर्वांत दुबळी. बाजूचे आणि आवाजाचे बटण एकत्र दाबून धरले की आयफोन पुढच्या वेळी पासकोडच मागतो. अँड्रॉइडमध्ये ‘लॉकडाउन’ हा पर्याय तेच करतो. ठसा आणि पासकोड यांतल्या या फरकाला भारतात कायद्याचीही बाजू आहे. ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या १९६१च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी ठरवले, की आरोपीकडून बोटांचे ठसे घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे नव्हे. पासकोड मात्र डोक्यात असतो. तो सांगण्याची सक्ती आरोपीवर करता येणार नाही, असे दिल्लीतील सीबीआय विशेष न्यायालयाने २०२२मध्ये म्हटले. त्याच्या आदल्याच वर्षी कर्नाटक उच्च न्यायालयाने मात्र पासवर्ड देणे ही साक्षच नव्हे, असे मत दिले होते.

ठरावीक पिन टाकताच सगळी माहिती पुसून टाकणारी सोय ग्राफीनओएस या अँड्रॉइडवर बेतलेल्या प्रणालीत आहे. ती जपून वापरावी. पुरावा म्हणून हजर करावा लागेल असा इलेक्ट्रॉनिक अभिलेख मुद्दाम नष्ट केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.