पहिल्या पुस्तकावरचा वाद

एका डॉलरचे सुटे करायचे आहेत. हाताशी पन्नास, पंचवीस, दहा, पाच आणि एक सेंटची हवी तितकी नाणी आहेत. किती प्रकारांनी सुटे देता येतील? हॅरॉल्ड एबलसन आणि जेरल्ड ससमन यांनी ज्युली ससमन यांच्या साथीने लिहिलेल्या ‘स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कम्प्यूटर प्रोग्रॅम्स’ या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात हा प्रश्न येतो. उत्तर २९२. ते काढण्याची रीत मात्र पाहण्यासारखी आहे. सगळ्या प्रकारांचे दोन गट पाडायचे: एकात पन्नास सेंटचे नाणे मुळीच नाही, दुसऱ्यात ते निदान एकदा तरी आहे. दुसऱ्या गटातून ते एक नाणे बाजूला काढले, की उरलेल्या पन्नास सेंटसाठी तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. शेवटी दोन्ही गटांची उत्तरे मिळवायची. प्रोग्रॅम अगदी थोड्या ओळींचा होतो. त्यात लूप नाही, आणि एकदा साठवलेली किंमत पुसून तिथे दुसरी लिहिणेही नाही.

प्रोग्रॅम लिहिण्याच्या या पद्धतीला फंक्शनल प्रोग्रामिंग म्हणतात. ते शिकू पाहणाऱ्याच्या हाती आज हे पुस्तक हमखास ठेवले जाते. पण याच पुस्तकावर त्या क्षेत्रातल्या जाणकारांनी कडाडून टीका केली, आणि त्या टीकेतूनच पुढची उत्तम पाठ्यपुस्तके जन्माला आली.

सुरुवातीला शिकणाऱ्यांसाठी असे काही नव्हतेच. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली एमआयटीत लिस्प या भाषेचे काम सुरू केले, १९६० साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला आणि १९६२ साली ‘लिस्प १.५’ची माहितीपुस्तिका आली. हे सारे संशोधकांसाठी होते. नवख्या माणसाचा विचार करणारे एक छोटेसे पुस्तक १९७४ साली निघाले: डॅनियल फ्रीडमन यांचे ‘द लिटल लिस्पर’. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर, आणि उदाहरणे बहुतेक खाण्यापिण्याची. एका पानावर तर जेलीचे डाग पडण्यासाठी मुद्दाम मोकळी जागा राखलेली होती! एकेक प्रश्न सोडवत वाचक नकळत रिकर्शनपर्यंत, म्हणजे तोच प्रश्न लहान रूपात पुन्हा विचारण्याच्या रीतीपर्यंत, पोहोचतो. हे पुस्तक पुढे ‘द लिटल स्कीमर’ या नावाने वाढले आणि आजही छापले जाते.

एबलसन-ससमन यांचे पुस्तक एमआयटी प्रेसने १९८५ साली काढले. त्याच्या मुळाशी एमआयटीतला ६.००१ या क्रमांकाचा अभ्यासक्रम होता. भाषा होती स्कीम, म्हणजे ससमन आणि गाय स्टील यांनी १९७५ साली घडवलेले लिस्पचे आटोपशीर रूप. व्हेरिएबलची किंमत बदलण्याची सोय या पुस्तकात थेट तिसऱ्या प्रकरणात येते, बँकेच्या खात्यातून पैसे काढण्याच्या उदाहरणातून. तिथवर विद्यार्थी कितीतरी शिकलेला असतो, अगदी बीजगणितातल्या राशींचे विकलन करणारा प्रोग्रॅमसुद्धा. पाचव्या प्रकरणात तर तो कंपायलरपर्यंत जातो.

१९८७ साली फिलिप वॉडलर यांनी या पुस्तकाची सविस्तर चिकित्सा केली. पुस्तकाबद्दल त्यांना आदर होता. तक्रार भाषेबद्दल होती. स्कीममध्ये कंसांची गर्दी असते आणि बेरजेचे चिन्हसुद्धा संख्यांच्या आधी लिहावे लागते. केआरसी आणि मिरांडा या डेव्हिड टर्नर यांच्या भाषांत तेच समीकरणासारखे मांडता येते: यादी रिकामी असेल तर हे उत्तर, नसेल तर ते. अशी समीकरणे हाती आली की प्रोग्रॅम बरोबर आहे हे कागदावर सिद्ध करणे सोपे जाते. वॉडलर यांच्या दृष्टीने नवख्यांना शिकवण्याचा खरा लाभ तोच होता.

पुढच्याच वर्षी, १९८८ साली, रिचर्ड बर्ड आणि वॉडलर यांचे ‘इंट्रोडक्शन टू फंक्शनल प्रोग्रामिंग’ आले. त्यातली लेखनपद्धती मिरांडाच्या जवळची होती. मात्र मिरांडा ही विकत घ्यावी लागणारी भाषा होती. सर्वांना खुली असलेली एक समाईक भाषा हवी, या गरजेतून १९८७ साली समिती नेमली गेली आणि १९९० साली हॅस्केल या भाषेचा पहिला अहवाल निघाला. बर्ड यांनी १९९८ साली आपले पुस्तक हॅस्केलमध्ये नव्याने लिहिले.

वादाचा दुसरा अंक अमेरिकेतच घडला. मॅथियास फेलायसन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांना स्कीम मान्य होती, एबलसन-ससमन यांच्या पुस्तकातली उदाहरणे नव्हती. गणित किंवा विद्युतमंडले ज्याला येत नाहीत, तो तिथे प्रोग्रामिंगमुळे नव्हे तर विषयामुळेच अडतो, आणि प्रोग्रॅम रचायचा कसा हे त्याला कुणी सांगतही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या ‘हाऊ टू डिझाइन प्रोग्रॅम्स’ (२००१) मध्ये प्रत्येक फंक्शनसाठी ठरलेल्या पायऱ्या आहेत. आधी माहितीचे स्वरूप ठरवायचे, मग फंक्शन काय घेते आणि काय देते ते लिहायचे, मग उदाहरणे, आणि त्यानंतरच फंक्शनचा मजकूर. जोडीला ड्रस्कीम हे सॉफ्टवेअर होते. त्यात नवशिक्याला भाषेचा छोटासाच भाग वापरू देत, म्हणजे चूक दाखवणारा संदेशही त्याला समजेल असाच येई.

नंतरच्या पुस्तकांनी वर्गाबाहेरच्या वाचकाला गाठले. ‘रिअल वर्ल्ड हॅस्केल’ (२००८) नोकरी करणाऱ्या प्रोग्रॅमरसाठी लिहिले गेले. स्लोव्हेनियाच्या मिरान लिपोवाचा यांचे ‘लर्न यू अ हॅस्केल फॉर ग्रेट गुड!’ (२०११) तर त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रांनी भरले आहे.

विद्यापीठांत मात्र वारे उलटेही वाहिले. २००१ साली ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात पहिल्या अभ्यासक्रमातून हॅस्केल काढून जावा आणण्याचे घाटत होते, तेव्हा ज्येष्ठ संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी त्याविरुद्ध पत्र लिहिले. एमआयटीने जुना ६.००१ बंद करून पायथॉन स्वीकारली. भारतात चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने मात्र विद्यार्थ्यांची पहिली भाषा म्हणून हॅस्केल निवडली. तिथल्या प्राध्यापकांचा हॅस्केलवरचा अभ्यासक्रम एनपीटेल या ऑनलाइन शिक्षणमंचावर कुणालाही घरबसल्या करता येतो.

म्हणून पुस्तक निवडताना कोणते श्रेष्ठ हे विचारण्यापेक्षा ते कुणासाठी लिहिले गेले हे पाहावे. गणिताची आवड असलेल्याने बर्ड घ्यावे. संगणक आतून कसा चालतो याचे कुतूहल असलेल्याने एबलसन-ससमन घ्यावे. त्याची जावास्क्रिप्ट आवृत्तीही २०२२ साली आली आहे. पहिल्यांदाच प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने फेलायसन यांच्यापासून सुरुवात करावी. एबलसन-ससमन, फेलायसन आणि लिपोवाचा यांची पुस्तके इंटरनेटवर अधिकृतपणे मोफत आहेत. तेव्हा तिन्हींचे पहिले प्रकरण वाचून मग एकाची निवड करता येते.