अंनिसच्या बैठकीत नेमकं काय चालतं?

नारळावर पाणी शिंपडलं आणि जाळ निघाला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा, म्हणजे अंनिसचा, हा प्रयोग तुम्ही एखाद्या रीलमध्ये पाहिला असेल. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा लपवलेला असतो, पाणी लागलं की तो पेटतो. टाळ्या पडतात, व्हिडिओ संपतो. शाखेच्या बैठकीतलं खरं काम मात्र त्यानंतरचं.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये अंनिस सुरू केली. शाखेची बैठक कधी वाचनालयात भरते, कधी शाळेच्या वर्गात, कधी कुणाच्या घरी. कुणीतरी एका विषयावर बोलतं, मग प्रश्न आणि मग लोक आपले अनुभव सांगतात. करणी काढायला किती पैसे गेले, मूल व्हावं म्हणून कुठल्या बाबाकडे खेपा घातल्या, वगैरे.

आता अनुभव सांगायचेच असतील तर भाषण कशाला?

सर्पदंशाचं घ्या. भाईंदर पश्चिमेच्या राईसारख्या गावात, जिथे खाजण आणि सोसायट्या शेजारी शेजारी आहेत, हा विषय पुस्तकी नाही. 'मांत्रिकाने विष उतरवलं, माणूस वाचला' ही गोष्ट बऱ्याचदा खोटी नसते. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे मंत्र म्हटला नसता तरी तो माणूस वाचलाच असता. जो दगावला, तो आपली गोष्ट सांगायला येत नाही. हा हिशेब भाषणातून कळतो.

असाच एक हिशेब ज्योतिषाचा. डॉ. जयंत नारळीकरांनी अंनिसच्या मदतीने २०० मुलांच्या जन्मवेळा गोळा करून कुंडल्या तयार केल्या. निम्मी मुलं हुशार, निम्मी मतिमंद. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवून जवळपास तेवढंच जमतं!

पण नुसत्या आकड्यांनी कुणी मोकळं होत नाही. फसलेला माणूस गप्प बसतो, कारण लोक हसतील. समोरचा आधी म्हणाला, 'मीही गेलो होतो', तर तोंड उघडतं. माझ्या मते बैठकीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे.

अशा बैठकांना भीतीचा इतिहासही आहे. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि मित्रांनी परमहंस सभा काढली. जातिभेद मानत नाही हे दाखवायला सदस्याला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. सगळा कारभार गुप्त. १८६० च्या सुमारास सदस्यांच्या नावांची वही चोरीला गेली, नावं उघड होण्याच्या धास्तीने सभा मोडली. (आजच्या भाषेत डेटा लीक.)

अंनिसने काम उघड केलं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा गोळ्या झाडून खून झाला. या खटल्यात मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. ज्या कायद्यासाठी ते अनेक वर्षं झगडले, त्याचा वटहुकूम खुनानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा मंजूर झाला. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५ ते ५० हजार रुपये. गुन्हा अजामीनपात्र आहे. यासाठी पोलिसांत दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे. पण त्याच्यापर्यंत कुणीतरी पोचावं लागतं आणि बैठकीत मोकळं झालेल्या माणसाला ते सोपं जातं.

'मग तिथे देव मानलेला चालतो का?' चालतो. देवाधर्माला विरोध नाही, त्याच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, ही अंनिसची भूमिका. कट्टर नास्तिकांना ती गुळमुळीत वाटते. पण देव्हाऱ्यात रोज दिवा लावणारी बाईही त्यामुळेच बैठकीला येऊन बसू शकते.