प्रोसेसरचे तापमान : एका मर्यादेचा प्रवास

मेजावरच्या संगणकाचा प्रोसेसर किती तापला तर चालेल, या प्रश्नाला आज एका आकड्यात उत्तर दिले जात असले, तरी तो आकडा सिलिकॉनच्या गुणधर्मांतून आपोआप निघालेला नाही. चिपने किती वर्षे टिकावे, किती वेगाने चालावे आणि तिची उष्णता वाहून नेण्यावर किती खर्च करावा, यांविषयी निर्मात्यांनी वेळोवेळी केलेल्या तडजोडीची ती नोंद आहे. हा आकडा गेल्या पन्नास वर्षांत बदलत गेला हे खरे, परंतु तो नेमका कोठे मोजायचा हेही त्याबरोबर बदलत गेले आणि इतिहासाच्या दृष्टीने हा दुसरा बदल अधिक बोलका आहे.

निर्वात नलिकांच्या काळात ही मर्यादा खोलीची होती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिअ‍ॅक यंत्रात सुमारे १८,००० नलिका होत्या आणि त्याला दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज लागे. नलिकेतील तंतू तापल्याशिवाय ती कामच करत नसल्याने उष्णता टाळण्याचा प्रश्न नव्हता, तिला बाहेर काढण्याचाच होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेले आणि पुढे ‘टिफ्रॅक’ या नावाने ओळखले गेलेले यंत्रही सुमारे २,७०० नलिकांचे, म्हणजे याच कुळातले होते. नलिका गेल्या तरी खोली थंड राखण्याची रीत मागे उरली. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत आणि कार्यालयांत १९८०-९० च्या सुमारास संगणक ठेवलेली खोली हमखास वातानुकूलित असे आणि चपला बाहेर काढूनच आत जावे लागे. आज या शिस्तीला हसणे सोपे आहे. पण १९८१ च्या आयबीएम पीसीच्या तांत्रिक पुस्तिकेत चालू यंत्राभोवतीच्या हवेची कमाल मर्यादा ३२.२ अंश सेल्सिअस इतकीच दिली होती, आणि मराठवाडा-विदर्भातला उन्हाळा ती सकाळीच ओलांडतो, हे लक्षात घेता त्या थंड खोलीला अगदीच निराधार म्हणता येत नाही.

प्रत्यक्ष चिपची मर्यादा मात्र या यंत्राच्या मर्यादेपेक्षा बरीच सैल होती. एकात्मिक मंडलांच्या, म्हणजे एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर अनेक ट्रान्झिस्टर कोरलेल्या चिपांच्या, व्यापारात १९६० च्या दशकातच दोन श्रेणी रूढ झाल्या होत्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ५४०० ही मालिका लष्करासाठी, उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत चालणारी, आणि ७४०० ही मालिका सर्वसाधारण ग्राहकासाठी, ० ते ७० अंशांची होती. इंटेलने १९७८ मध्ये बाजारात आणलेल्या ८०८६ या प्रोसेसरच्या साध्या आवृत्तीलाही हीच ० ते ७० ची चौकट लागू झाली, आणि ती चिपभोवतीच्या हवेला लागू होती. चिप स्वतः इतकी कमी वीज खाई की तिच्या पृष्ठभागावरून उष्णता सहज निघून जाई आणि तिच्यावर धातूचा तुकडा किंवा पंखा बसवण्याची गरज कोणालाही भासत नसे.

वरची मर्यादा असण्यामागची कारणे एकाहून अधिक आहेत. तापमान वाढले की ट्रान्झिस्टर संथ होतो आणि घड्याळाच्या ठरलेल्या ठोक्याच्या आत त्याचे काम पूर्ण होत नाही. बंद असतानाही त्यातून थोडा प्रवाह झिरपत राहतो, तो झिरपा वाढतो, आणि त्यातून आणखी उष्णता निर्माण होते. याहून चिवट कारण म्हणजे विद्युत-स्थलांतर. चिपमधील अतिसूक्ष्म तारांतून वाहणारे इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंना हळूहळू पुढे ढकलतात, एका ठिकाणी पोकळी आणि दुसऱ्या ठिकाणी फुगवटा तयार होतो आणि कालांतराने तार तुटते. मोटोरोलामधील जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस या झिजेचे जे समीकरण मांडले, त्यानुसार तारेचे आयुष्य प्रवाहाच्या घनतेबरोबर आणि तापमानाबरोबर घटत जाते, आणि तापमानाचा परिणाम घातांकी असतो. ‘सुरक्षित’ या शब्दाचा अर्थ त्यामुळे चिप आज जळणार नाही एवढाच होत नाही; ती ठरलेली वर्षे काढील, असाही होतो.

हवेची मर्यादा १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अपुरी पडू लागली. १९८९ च्या ८०४८६ प्रोसेसरच्या माहितीपत्रकात ० ते ८५ अंश ही चौकट हवेची नसून चिपच्या आवरणाची होती. आवरण ८५ अंशांखाली कसे ठेवायचे, ही जबाबदारी संगणक जुळवणाऱ्यावर आली. मार्च १९९३ मध्ये पाच व्होल्टवर चालणारा पहिला पेंटियम आला, तेव्हा त्याच्या सुमारे पंधरा वॅट उष्णतेची बरीच चर्चा झाली आणि हीटसिंक, म्हणजे उष्णता पसरवणारा पात्यांचा धातूचा ठोकळा, व त्यावरचा छोटा पंखा ही मेजावरच्या संगणकाची नेहमीची सामग्री ठरली. पुढच्याच वर्षी व्होल्टेज ३.३ वर आणून ही अडचण सोडवली गेली. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली दाखवून दिले होते की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवले, तर दर चौरस मिलिमीटरमागची उष्णता वाढत नाही; उद्योगाची सारी भिस्त या नियमावर होती.

ती भिस्त २००० नंतर डळमळली. व्होल्टेज आणखी उतरवले की झिरपा अनावर होत असल्याने ते उतरेनासे झाले, वेग वाढवण्याची स्पर्धा मात्र चालूच राहिली. इंटेलचे पॅट गेलसिंगर यांनी २००१ च्या आरंभी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत इशारा दिला की हाच क्रम चालू राहिला तर चिपवरील उष्णतेची घनता अणुभट्टीच्या आणि पुढे रॉकेटच्या नळीच्या पातळीला जाईल. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका परीक्षकाने चालू संगणकांवरचे हीटसिंक काढून घेतल्याचे चित्रण प्रसिद्ध झाले. त्यात एएमडीचे अ‍ॅथलॉन प्रोसेसर काही क्षणांत धूर सोडत निकामी झाले, पेंटियम ३ जागीच थबकला, तर पेंटियम ४ मंदावत का होईना, काम करत राहिला. पेंटियम ४ मध्ये तापमान मोजणारे मंडल चिपमध्येच होते आणि मर्यादा गाठली की ते घड्याळाचे ठोके मध्ये मध्ये रोखून धरी. तरीही तापमान चढत जाऊन सुमारे १३५ अंशांवर पोहोचले, तर वीज तोडण्याचा इशारा देई. हीटसिंक काढून संगणक कोण चालवतो, हा आक्षेप रास्तच होता. परंतु आपल्या मर्यादेची राखण चिपने स्वतः करावी, ही अपेक्षा त्या चित्रणानंतर ग्राहकांत रुजली.

फेब्रुवारी २००४ मध्ये आलेल्या प्रेस्कॉट या पेंटियम ४ च्या आवृत्तीने हा प्रश्न टोकाला नेला. तिच्या काही प्रकारांची उष्णता ११५ वॅटपर्यंत होती. अशा चिपांसाठी इंटेलने पेटीच्या बाजूला जाळी व नळकांडे ठेवण्याचा नमुना ठरवून दिला होता आणि पंख्याशी येणारी हवा ३८ अंशांपेक्षा गरम असू नये, अशी अट घातली होती. तिचा हिशेब खोलीचे तापमान ३५ अंश धरून केलेला होता. मे महिन्यात चंद्रपूर किंवा नागपूरच्या एखाद्या सायबर कॅफेत हा हिशेब सुरुवातीलाच कोलमडे. त्याच वर्षी इंटेलने चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी ऑर्लँडोच्या परिषदेत अर्ध्या थट्टेने गुडघे टेकून श्रोत्यांची क्षमा मागितली. २००६ च्या कोअर २ ड्युओची उष्णता ६५ वॅटवर आली, ती ठोक्यांचा वेग उतरवून एकाऐवजी दोन गाभे देण्याचा मार्ग पत्करल्यामुळे.

‘सुरक्षित तापमान किती’ यावरचा मोठा गोंधळ याच काळातला आहे. कोअर २ ड्युओच्या माहितीपत्रकात मर्यादा आवरणाची होती, उदाहरणार्थ ई६६०० साठी ६०.१ अंश. ती तपासण्याची विहित पद्धत अशी की चिपच्या धातूच्या झाकणात बारीक चर कोरून त्याच्या बरोबर मध्यावर तापमापी तार बसवायची. घरच्या वापरकर्त्याला हे अर्थातच अशक्य होते. त्याच्या पडद्यावर दिसे ते आतल्या सिलिकॉनचे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या जंक्शनजवळचे तापमान, आणि ते आवरणाच्या तापमानाहून नेहमीच जास्त असे. शिवाय चिपमधील संवेदक अंश सांगतच नसे; कमाल मर्यादेपासून आपण किती खाली आहोत, एवढेच तो सांगे. ती मर्यादा इंटेलने तेव्हा जाहीर केलेली नसल्यामुळे तापमान दाखवणारे प्रोग्राम ती अंदाजाने ८५ किंवा १०० धरत, आणि एकच चिप एका प्रोग्रामात ५० अंशांची तर दुसऱ्यात ६५ अंशांची दिसे. आवरणाची मर्यादा आतल्या तापमानाला लावून कितीएकांनी धडधाकट यंत्रांवर उगाच मोठे पंखे चढवले. २००८ साली इंटेलने हे आकडे उघड केल्यावर गोंधळ निवळला. त्यानंतर ग्राहकाच्या बोलण्यात जंक्शनचाच आकडा राहिला.

पुढे झाकणाखालचा थरही चर्चेत आला. २०१२ च्या आयव्ही ब्रिज पिढीत इंटेलने चिप आणि झाकण यांच्यामध्ये डाखाऐवजी थर्मल पेस्ट भरली, आणि वेग वाढवून चालवणाऱ्या हौशी मंडळींनी पात्याने झाकणे उचकटून ती बदलण्याचा उद्योग आरंभला. एएमडीने २०१७ मध्ये रायझनच्या काही प्रकारांत कळवायच्या तापमानात मुद्दाम २० अंश मिळवले होते, जेणेकरून सर्व प्रकारांत पंखे एकाच रीतीने फिरावेत. पडद्यावरचा आकडा मोजमापाचा असतो तसा धोरणाचाही असू शकतो, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणे कठीण. २०२२ च्या रायझन ७००० मालिकेबाबत तर ९५ अंश ही टाळण्याची नव्हे, पूर्ण भाराखाली खुशाल गाठण्याची पातळी असल्याचे कंपनीने सांगितले. मर्यादेपर्यंत उरलेली जागा वाया न घालवता चिप तिथपर्यंत वेग वाढवत नेते, आणि हीटसिंक अधिक चांगला बसवला तर तापमान उतरण्याऐवजी बऱ्याचदा वेगच वाढतो.

मर्यादा पाळणे म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे २०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या मेजावरच्या प्रोसेसरांत दिसून आले. कमाल १०० अंश ठरलेल्या आणि त्या मर्यादेशी स्वतःहून वेग उतरवणाऱ्या या चिपांपैकी काही अकाली अस्थिर झाल्या. चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती, आणि उच्च व्होल्टेज व तापमान यांच्या एकत्रित माऱ्याने घड्याळाच्या मंडलाचा एक भाग वेळेआधी झिजत होता, असे कारण कंपनीने दिले. ऑगस्टपासून मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतील आज्ञावली, बदलून व्होल्टेजला आवर घालण्यात आला, आणि पेटीबंद विकलेल्या प्रोसेसरांची तीन वर्षांची हमी पाच वर्षांपर्यंत वाढवण्यात आली. आधीच झिजलेल्या चिपा मात्र या बदलाने दुरुस्त होत नसल्याने त्या बदलूनच द्याव्या लागल्या.