किल्ली हरवते तेव्हा: मोटार आणि मालक यांच्या ओळखीचा इतिहास

१/ एके काळी मोटारीची किल्ली हरवली, तर चावीवाल्याच्या ठेल्यावर कानस फिरे आणि थोड्याच वेळात प्रश्न मिटे. आज त्याच कामासाठी मालकीची कागदपत्रे, गाडीला जोडायचे यंत्र आणि एक गुप्त क्रमांक लागतो. खर्चही काही हजारांत जातो. धातूच्या एका तुकड्याला हे महत्त्व कसे आले, याचा इतिहास या धाग्यात पाहू.

२/ आरंभीच्या मोटारींना किल्लीची फारशी गरजच नव्हती. समोर उभे राहून हँडल फिरवले की इंजिन सुरू होई. १९१२ साली कॅडिलॅक गाड्यांत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर आला. तरीही स्टार्टरचे बटण वेगळेच होते. किल्लीचे काम एवढेच, की इग्निशनचा विद्युतप्रवाह खुला करायचा.

३/ फोर्डच्या ‘मॉडेल टी’ या लाखोंनी खपलेल्या गाडीचे उदाहरण बोलके आहे. तिच्या इग्निशन किल्ल्यांचे अवघे २४ नमुने होते, ५१ ते ७४ क्रमांकांचे. आणि तो क्रमांक स्विचच्या दर्शनी पट्टीवरच कोरलेला असे! किल्ली हरवली तर क्रमांक वाचायचा आणि दुकानातून नवी आणायची. चोरालाही अर्थात तेच करता येई. सोय आणि सुरक्षा यांचे वैर इथूनच सुरू होते.

४/ १९४९ साली क्रायस्लरने किल्ली फिरवूनच इंजिन सुरू करण्याची पद्धत आणली आणि किल्ली खऱ्या अर्थाने गाडीची स्वामिनी झाली. पण कुलूप फोडून, तारा परस्पर जोडून गाडी पळवता येतच होती. १९७०च्या सुमारास स्टिअरिंग जखडून ठेवणारे कुलूप अमेरिकन गाड्यांत रूढ झाले. तोही अडथळा यांत्रिकच. पुरेसा जोर लावला की तुटणारा.

५/ दिशा बदलली १९८६ साली. जनरल मोटर्सने कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीत विद्युतरोधाची एक छोटी गोळी बसवली. खाचा जुळल्या तरी रोध जुळला नाही, तर गाडी काही मिनिटे सुरू होण्यास नकार देई. रोधाची मूल्ये केवळ १५ होती, पण तत्त्व नवे होते. आता किल्ली केवळ कुलपात बसून भागत नव्हते. गाडीला ती ‘पटावी’ लागत होती.

६/ दूरवरून दार उघडणारा रिमोट ही मात्र वेगळ्या वंशाची वस्तू आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी रेनोच्या ‘फुएगो’ गाडीत तो आला. पॉल लिपशुट्झ या संशोधकाच्या नावावरून फ्रान्समध्ये अशा रिमोटला ‘प्लिप’ म्हणू लागले. पुढे चोर हवेतला संकेत टिपून पुन्हा वाजवू लागले, तेव्हा प्रत्येक दाबाला बदलणारा संकेत रूढ झाला. एकदा वापरलेला संकेत गाडी पुन्हा स्वीकारत नाही.

७/ बर्लिनची भिंत पडल्यानंतर युरोपच्या सीमा खुल्या झाल्या आणि जर्मनीतून पूर्वेकडे जाणाऱ्या चोरीच्या गाड्यांचा ओघ वाढला. भरपाई देऊन थकलेल्या विमा कंपन्यांनी इंजिनच रोखून धरणाऱ्या यंत्रणेचा, म्हणजे इमोबिलायझरचा आग्रह धरला. १९९५च्या निर्देशाद्वारे युरोपीय संघाने तो सक्तीचा केला; ऑक्टोबर १९९८पासून नव्या प्रवासी मोटारींना तो अनिवार्य झाला.

८/ त्याचे कार्य समजून घेण्याजोगे आहे. किल्लीच्या मुठीत तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी चिप असते. तिला बॅटरी नसते. इग्निशनभोवतीच्या वेटोळ्यातून येणाऱ्या चुंबकीय क्षेत्रातून ती शक्ती घेते आणि आपली ओळख सांगते. गाडी प्रश्न विचारते, चिप गुप्त संख्येच्या साहाय्याने उत्तर देते. उत्तर चुकले, तर इंधन किंवा ठिणगी मिळत नाही.

९/ म्हणूनच रिमोटची बॅटरी संपली तरी खाचेत किल्ली घालून गाडी सुरू होते. एकाच मुठीत दोन स्वतंत्र यंत्रणा नांदतात: दारासाठी बॅटरीवरचा प्रेषक आणि इंजिनासाठी बॅटरीविना चालणारी चिप. किल्ली हरवली की दोन्हींची नवी नोंद करावी लागते, आणि बरेचदा ती दोन वेगळ्या पद्धतींनी होते.

१०/ पहिल्या पिढीने या नोंदीचा अधिकार एका लाल किल्लीला दिला होता. १९९०च्या दशकातील युरोपीय फोर्ड आणि फियाटच्या काही गाड्यांबरोबर रोजच्या किल्ल्यांशिवाय एक लाल ‘मूळ’ किल्ली मिळे. नवी किल्ली गाडीला शिकवायची, तर आधी लाल किल्ली दाखवावी लागे. ती तिजोरीत जपायची असे. जुनी गाडी विकताना ती अनेकदा हरवलेलीच असे, आणि मग इंजिनाचा नियंत्रक संगणकच बदलण्याची पाळी येई.

११/ या कटू अनुभवातून पुढची पद्धत घडली. लाल किल्लीची जागा गुप्त क्रमांकाने घेतली. तंत्रज्ञ स्टिअरिंगखालच्या निदान-जोडणीत यंत्र लावतो, क्रमांक देतो आणि नव्या चिपची ओळख गाडीच्या स्मृतीत लिहितो. ही जोडणी मुळात प्रदूषण तपासणीसाठी प्रमाणित झाली होती; अमेरिकेत १९९६पासून नव्या मोटारींना ती अनिवार्य आहे. प्रदूषणाची खिडकी किल्लीचे दार बनली.

१२/ इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नवी किल्ली शिकवली म्हणून जुनी आपोआप विसरली जाईलच असे नाही. हरवलेली किल्ली कुणाच्या हाती लागण्याची भीती असेल, तर गाडीच्या यादीतून तिची नोंद पुसून घ्यावी लागते. त्यानंतर तिने दार उघडेल, कारण खाचा त्याच आहेत. पण इंजिन तिला ओळखणार नाही.

१३/ मग प्रश्न उभा राहिला: हा क्रमांक कुणाच्या ताब्यात? तो केवळ उत्पादकाकडे राहिला, तर रात्री आडवाटेला अडकलेल्या मालकाला अधिकृत विक्रेत्याचे दार उघडण्याची वाट पाहावी लागे आणि पिढीजात कुलूपकारागिराचा धंदा बुडे. कॅलिफोर्नियाने २००६ साली कायदा करून नोंदणीकृत कारागिरांना ही माहिती अहोरात्र मिळण्याची तरतूद केली. किल्लीचा प्रश्न आता मालकीहक्काचा झाला होता.

१४/ या साऱ्या खटाटोपाचे फलित काय? नेदरलँड्समधील दोन अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार १९९५ ते २००८ या काळात इमोबिलायझरमुळे मोटारचोरीचे प्रमाण सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी घटले. तांदळाएवढ्या चिपचे हे यश थोडेथोडके नव्हे.

१५/ पण गुपित कायमचे टिकत नाही. एका प्रचलित चिपची गुप्त संख्या ४० बिटांची होती, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. २००५ साली अमेरिकन संशोधकांनी ती तासाभरात शोधून दाखवली. दुसऱ्या एका चिपवरील शोधनिबंध फोक्सवॅगनच्या मागणीवरून ब्रिटिश न्यायालयाने २०१३ साली रोखला. तो २०१५ साली एक वाक्य गाळून प्रसिद्ध झाला.

१६/ खिशातून किल्ली न काढता चालणाऱ्या गाड्यांनी वेगळीच फट उघडली. २०११ साली झ्युरिकच्या संशोधकांनी ८ उत्पादकांच्या १० गाड्यांवर दाखवून दिले, की किल्ली आणि गाडी यांच्यातील संकेत दोन उपकरणांनी पुढे पोहोचवले, तर किल्ली दूर असूनही गाडी फसते. इथे गुपित फोडावेच लागत नाही. फक्त अंतराविषयी खोटे बोलावे लागते.

१७/ तरीही चिपविना काय होते, हे अमेरिकेने नुकतेच पाहिले. तिथे इमोबिलायझरची सक्ती नव्हती. विमा क्षेत्राच्या संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१५च्या मॉडेलांत इतर उत्पादकांच्या ९६ टक्के गाड्यांत तो प्रमाणित होता. ह्युंदाई आणि किया यांच्या केवळ २६ टक्क्यांत. २०२१नंतर समाजमाध्यमांवर युक्ती पसरली आणि यूएसबी केबलच्या टोकाने या गाड्या पळवल्या जाऊ लागल्या.

१८/ भारतात या इतिहासाची सावली विम्याच्या दाव्यावर पडते. गाडी चोरीला गेली की विमा कंपनी सहसा दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक किल्ली आधीच हरवली असेल आणि तिची पोलिसांकडे नोंद नसेल, तर उत्तर देणे अवघड होते. म्हणून किल्ली हरवताच तक्रार नोंदवावी, नव्या किल्लीचे बिल जपावे आणि जुनी नोंद पुसून घ्यावी.

१९/ ‘मॉडेल टी’च्या मालकाला स्विचवरचा क्रमांक वाचून किल्ली मिळे. आजच्या मालकालाही एक क्रमांकच लागतो; फक्त तो आता उघड्यावर कोरलेला नाही. शंभर वर्षांत गाडी किल्लीला ओळखू लागली. मालकाला मात्र ती अजून ओळखत नाही. म्हणून किल्ली हरवली, की ‘ही गाडी माझीच’ हे त्याला कागदांनी सिद्ध करावे लागते.